पोत ऐकण्याची सवय : इलेक्ट्रॉनिक आणि प्रायोगिक जॅझ प्रथमच ऐकणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या बाजारात चादर घ्यायला गेलेला जाणता माणूस नक्षीकडे पाहण्याआधी कापडाचे टोक दोन बोटांत धरून चोळून पाहतो आणि मगच किंमत विचारतो. जॅझ हे उत्स्फूर्त वादनावर उभे असलेले अमेरिकन संगीत आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांच्या मिलाफातून घडलेले संगीत ऐकायचे असेल, तर हीच रीत कामी येते, असा माझा अनुभव आहे. या संगीतात चाल असते. परंतु तिच्याच शोधात बसलेला नवा श्रोता पाच मिनिटांत कंटाळतो आणि ध्वनीचा पोत चाचपणारा श्रोता तासभर रमतो. गेली काही वर्षे आम्ही चार-सहा जण रविवारी सकाळी माझ्या घरी जमून हे संगीत ऐकतो. त्या बैठकीत नव्याने आलेल्यांना जे सांगावे लागते, ते ज्या क्रमाने सांगितल्यावर त्यांना उपयोगी पडले, त्याच क्रमाने येथे लिहीत आहे.

पहिली पायरी : जागा, वेळ आणि साधन

मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये, ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. जॅझमधील डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सर्वांत खालच्या तारेचे कंपन सेकंदाला सुमारे ४१ इतके असते आणि सिंथेसायझर या विजेवर ध्वनी निर्माण करणाऱ्या वाद्याचा खर्ज याहूनही खाली जाऊ शकतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला हे स्वर उमटवताच येत नाहीत. त्यामुळे ज्या पायावर सारी इमारत उभी असते, तो पायाच ऐकणाऱ्याच्या कानावर पडत नाही आणि वर उरलेले संगीत तुटक, अर्थहीन वाटते. कान पूर्ण झाकणारा, तारेचा साधा हेडफोन यासाठी पुरेसा आहे. महागड्या साधनांची आरंभी काहीच गरज नाही.

आपल्या सोलापुरात एक अडचण विशेष जाणवते. मार्च ते जून या काळात पंख्याशिवाय बसणे अशक्य असते आणि पंख्याची अखंड घरघर नेमकी त्या मंद ध्वनींना गिळून टाकते, ज्यांच्यावर या संगीताचा बराचसा परिणाम अवलंबून असतो. आवाज वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट कानांना इजा होते. उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते सातची वेळ ठरवून घ्यावी, हेच उत्तम. त्या वेळी शहरही शांत असते आणि कानही ताजे असतात.

फोनवरील संगीत-सेवेत गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय आणि दोन गाणी एकमेकांत मिसळणारी सोय या दोन्ही बंद कराव्यात, कारण यांतील अनेक ध्वनिमुद्रणे सलग ऐकण्यासाठीच रचलेली असतात. कलावंतांच्या नावांचे स्पेलिंग अडत असेल, तर नाव बोलून शोधावे.

दुसरी पायरी : आधी साध्या जॅझची चौकट

परंपरागत जॅझची मांडणी ओळखीची झाली, की ती कोठे मोडली आहे हे कळू लागते. सर्व वादक आरंभी एक छोटी रचना एकत्र वाजवतात, मग एकेक वादक त्या रचनेच्या चौकटीत उत्स्फूर्त वादन करतो आणि शेवटी सर्वजण मूळ रचनेवर परततात. ख्यालात बंदिश मांडून तिची बढत करावी, त्याच्याशी हे बरेचसे मिळतेजुळते आहे. बारा किंवा बत्तीस मात्रागटांची आवर्तने फिरत राहतात; डबल बास आणि ड्रम्सवरील मोठी झांज मिळून तबल्याच्या ठेक्याचे काम करतात. फरक मोठा आहे तो आधाराचा. आपल्याकडे षड्ज अचल असतो. जॅझमध्ये एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे समूह मागे सतत बदलत असतात आणि वादकाला त्या सरकत्या जमिनीवर चालावे लागते.

यासाठी एक सराव सांगतो. कोणतीही एक जॅझ रचना सलग तीन वेळा ऐकावी. पहिल्या वेळी केवळ बास, दुसऱ्या वेळी केवळ ड्रम्स आणि तिसऱ्या वेळी मुख्य वादक. पहिल्या वेळी बासकडेच लक्ष टिकवणे अवघड जाईल, कारण आपले कान गायकामागे धावण्यास सरावलेले असतात. आठवडाभर हे केले तरी पुढच्या पायऱ्या सोप्या होतात.

तिसरी पायरी : विजेची चार कामे

जॅझमध्ये वीज उशिरा आली असे नाही. सन रा या अमेरिकन वादकाने १९५६ मध्येच ध्वनिमुद्रणात इलेक्ट्रिक पियानो वापरला होता. मात्र १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वीज केवळ आवाज मोठा करण्यापुरती न राहता वाद्यांच्या स्वभावालाच हात घालू लागली. तिची चार कामे वेगवेगळी ओळखता आली, की बुजल्यासारखे वाटणे संपते.

पहिले काम म्हणजे असलेल्या ध्वनीचे रूप बदलणे. प्रतिध्वनीचे यंत्र वाजवलेला स्वर ठरावीक अंतराने परत देते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल, तर दोन ठोक्यांतील अंतर अर्ध्या सेकंदाचे होते आणि प्रतिध्वनी तेवढ्याच अंतराने लावला, तर तो लयीत बसतो. थोडा कमी-जास्त लावला, तर लयीच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. रिंग मॉड्युलेटर नावाचे उपकरण दोन ध्वनींच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी ऐकवते. म्हणजे ४०० आणि १५० कंपनांचे स्वर आत गेले, तर ५५० आणि २५० कंपनांचे बाहेर येतात. हे स्वर मूळ स्वरांशी सुसंवादी नसल्याने घंटेसारखा, काहीसा खडबडीत धातूचा नाद निर्माण होतो. १९७० च्या सुमारास चिक कोरिया याने माइल्स डेव्हिस या जॅझ-ट्रम्पेटवादकाच्या संचात इलेक्ट्रिक पियानो याच उपकरणातून वाजवला होता.

दुसरे काम म्हणजे वाद्याशिवाय ध्वनी निर्माण करणे, जे सिंथेसायझर करतो. विद्युतमंडलात कंपन तयार होते, ते फिल्टरमधून गाळले जाते आणि स्वर किती झपाट्याने उमटावा व किती सावकाश विरावा, हे वादक ठरवतो. फिल्टर हळूहळू उघडला, की मिटलेल्या ओठांनी धरलेला ‘ऊ’ उघडत ‘आ’ व्हावा, तसा ध्वनी उजळत जातो.

तिसरे काम पुनरावृत्तीचे, आणि ते समजून घेण्यात सोलापूरकरांइतकी सोय क्वचितच कोणाची असेल. नक्षी विणणाऱ्या जेकार्डच्या मागावर छिद्रे पाडलेल्या कार्डांची माळ फिरते; ज्या जागी छिद्र असेल तेथील ताण्याचे उभे धागे उचलले जातात, नसेल तेथील खाली राहतात, आणि माळ पूर्ण फिरली की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सिक्वेन्सर नावाचे संगीतयंत्र नेमके हेच करते. १९८० मध्ये आलेल्या रोलँड टीआर-८०८ या तालयंत्रावर सोळा बटणे ओळीने असत. ज्या बटणावर खूण केली त्या जागी आघात वाजे, बाकीच्या जागा रिकाम्या राहत आणि सोळावी जागा संपताच पहिली येई. ध्वनिमुद्रित तुकडा असाच फिरत ठेवला, तर त्याला लूप म्हणतात. अशी पुनरावृत्ती कंटाळवाणी आहे, ही नवश्रोत्यांची पहिली तक्रार असते. पण ताणा अचल असतो म्हणूनच बाण्याचा आडवा धागा त्यावर खेळू शकतो. लूप अचल असतो म्हणून सॅक्सोफोनचा एक निसटता स्वरही आपल्याला स्पष्ट दिसतो.

चौथे काम संपादनाचे. वादक मनमुराद वाजवतात आणि नंतर ध्वनिफितीचे किंवा संगणकावरील मुद्रणाचे तुकडे कापून, जोडून रचना घडवली जाते. येथे संपादकही वादकाइतकाच कलावंत असतो. हे न पटणारे रसिक अजूनही आहेत. उत्स्फूर्ततेला कात्री लावणे त्यांना खोटेपणाचे वाटते. माझे मत वेगळे आहे आणि त्याचे कारण पुढे येईल.

चौथी पायरी : ऐकण्याचा क्रम

इतिहासाच्या क्रमाने ऐकू नये. आरंभ अलीकडच्या, शांत आणि सलग कलाकृतीने करावा. माझी पहिली शिफारस नेहमी ‘प्रॉमिसेस’ या अल्बमची असते. फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने काम करणारा ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकार, विख्यात जॅझवादक जॉन कोल्ट्रेनच्या संचात वाजवलेला ज्येष्ठ सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांची ही एकत्रित निर्मिती मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सँडर्स ऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते निवर्तले. नऊ भागांची ही रचना सुमारे ४६ मिनिटांची आहे आणि सात स्वरांची एक छोटी आकृती जवळपास अखेरपर्यंत परत परत येत राहते. ती आकृती मोजत बसू नये. दोन फेऱ्यांच्या मध्ये जी शांतता उरते, तिच्यात काय ठेवले आहे, ते ऐकावे. चौथ्या भागात सँडर्स वाद्य बाजूला ठेवून शब्दांविना पुटपुटल्यासारखे गातात आणि सहाव्या भागात तंतुवाद्यांचा लोंढा हळूहळू चढत जातो. ही रचना तुकड्यातुकड्यांनी ऐकू नये. तेवढी सलग वेळ नसेल, तर तो दिवस सोडून द्यावा.

त्यानंतर माइल्स डेव्हिस याच्या ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बमकडे यावे. १८ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे मुद्रण झाले. कळफलकांवर हर्बी हॅन्कॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल असे तिघे एकाच वेळी बसले होते, आणि गिटारवर होता जॉन मॅक्लॉफलिन, ज्याने पुढे झाकीर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ हा वाद्यवृंद उभा केला. शीर्षक-रचना झाविनुलची, तिच्यातील बदलते स्वरसमूह डेव्हिसने बहुतांशी काढून टाकले आणि ती एकाच आधारस्वरावर वाजवून घेतली. तानपुऱ्याला सरावलेल्या कानांना येथे घरी आल्यासारखे वाटते. निर्माता टीओ मसेरो याने मुद्रणानंतर फिती कापून तबकडीच्या दोन्ही बाजूंचा आकार ठरवला आणि प्रत्येक बाजूच्या आरंभीचाच भाग तिच्या शेवटी पुन्हा जोडला.

ही जोडणी मी आमच्या बैठकीत आधी सांगत नाही. यंत्रमागावर तीस वर्षे काम केलेले एक गृहस्थ आमच्याकडे येतात. दुसऱ्या श्रवणाच्या शेवटी त्यांनी डोळे न उघडता सांगितले, की हे पुन्हा वाजवलेले नाही, तेच परत लावलेले आहे. कारण माणसाने पुन्हा वाजवले असते, तर कोठेतरी एखादा धागा इकडचा तिकडे झाला असता. जॅझविषयी त्यांना त्याआधी काहीही ठाऊक नव्हते. मात्र नक्षी कोठे संपून पुन्हा सुरू होते, हे पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आरंभी ऐकलेला तोच गिटारचा तुकडा मधल्या खळाळत्या भागानंतर परत येतो, तेव्हा एकही स्वर न बदलता त्याचा अर्थ बदललेला असतो. संपादनाला मी कला मानतो, ते या अनुभवामुळे.

तिसऱ्या क्रमांकावर हर्बी हॅन्कॉकची १९७३ मधील ‘कमिलिअन’ ही साडेपंधरा मिनिटांची रचना घ्यावी. तिच्या आरंभी जी खर्जातील ओळ एकटीच वाजते, ती कोणत्याही तंतुवाद्यावर वाजलेली नसून हॅन्कॉकने एआरपी ओडिसी या सिंथेसायझरवर वाजवली आहे. येथे पाय आपोआप ठेका धरतात, ज्याला अवघड संगीताची धास्ती वाटते त्याने तर येथूनच आरंभ करावा.

आता थोडे थांबून सांगावे असे नाव म्हणजे जॉन हॅसेल. हा अमेरिकन ट्रम्पेटवादक कोलोनमध्ये कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या प्रायोगिक संगीतकाराकडे शिकला आणि पुढे पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द, म्हणजे किराणा घराण्याचे. कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे जी रेल्वे मिरजेला जाते, त्याच मिरजेत याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ राहिले आणि तेथेच त्यांची कबर आहे. सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर, भीमसेन जोशी यांच्यामुळे ज्या गायकीने आपल्या तीन पिढ्यांचे कान घडवले, तिची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे, हॅसेलने ट्रम्पेटवर उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे रियाज केला आणि मग तो स्वर विद्युत उपकरणांतून अनेकपदरी केला. ब्रायन ईनो या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकारासह केलेला त्याचा ‘फोर्थ वर्ल्ड, व्हॉल्यूम १ : पॉसिबल म्युझिक्स’ हा अल्बम १९८० चा. तो ऐकताना वाद्य ओळखण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मधली वाट कशी चालली आहे, एवढेच पाहावे. ज्याने किराण्याचा विलंबित ख्याल मन लावून ऐकला आहे, त्याला हे संगीत समजावून सांगावे लागत नाही, असे मी वारंवार पाहिले आहे.

ज्यांचा जीव भजनात रमतो, त्यांनी ॲलिस कोल्ट्रेन ऐकावी. जॉन कोल्ट्रेनची ही पत्नी स्वतः पियानो आणि हार्प वाजवणारी मोठी जॅझवादक होती. पुढे तिने कॅलिफोर्नियात आश्रम स्थापन केला आणि ऑर्गन व सिंथेसायझरवर संस्कृत भजने गायली व गाऊन घेतली. ‘तुरिया सिंग्ज’ ही तिची कॅसेट १९८२ मध्ये निघाली. त्याच गायनाचे केवळ ऑर्गनसह केलेले रूप २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आश्रमातील सामूहिक भजनांत सिंथेसायझरचा स्वर खालून वर घसरत जातो, तेव्हा टाळ-मृदंगाच्या गजरात अचानक कोणी आकाशाचा दरवाजा ढकलल्यासारखे वाटते.

याच्यापुढची वाट आपापल्या आवडीने चालावी. नॉर्वेचा ट्रम्पेटवादक निल्स पेटर मोल्वेर याचा १९९७ चा ‘ख्मेर’, मँचेस्टरच्या गोगो पेंग्विन या त्रयीचा २०१४ चा अल्बम, ज्यात पियानो, बास आणि ड्रम्स ही साधी वाद्येच संगणकाच्या लयी वाजवतात, शिकागोचा ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन याचा २०१८ चा ‘युनिव्हर्सल बीइंग्ज’, ज्यात चार शहरांतील उत्स्फूर्त वादनांचे संपादन आहे, आणि भारतात वाढलेल्या सारथी कोरवार याचा २०१६ चा ‘डे टू डे’, ज्यात गुजरातमधील सिद्दी समाजाचे गायन विणलेले आहे, हे चार पुष्कळ दिवस पुरतात.

पाचवी पायरी : गोंगाट वाटू लागल्यास

कधीतरी असा अल्बम हाती येतो, की सारे कर्कश आणि दिशाहीन वाटते. माइल्स डेव्हिसचा १९७२ चा ‘ऑन द कॉर्नर’ हा त्याचा चांगला नमुना आहे. त्यात बादल रॉय यांचा तबला आणि सोबत सतारही आहे, म्हणून ओळखीच्या आशेने आपण जातो आणि तबला इतर आघातवाद्यांच्या गर्दीत हरवलेला सापडतो. अशा वेळी एकच वाद्य निवडून दहा मिनिटे त्याचाच हात धरावा. मी पहिल्यांदा त्यातील तबलाच धरला होता. मागांच्या शेडमध्ये पाऊल टाकल्यावर पहिली काही मिनिटे नुसता खडखडाट ऐकू येतो आणि मग कोणता माग जलद, कोणता रेंगाळणारा, कोणाचा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, अडतो आहे, हे वेगवेगळे कळू लागते. कान येथेही तेच करतो, फक्त त्याला अवधी द्यावा लागतो. आणि तरीही नकोसे वाटले, तर निःसंकोचपणे बंद करावे. न आवडलेले आवडल्याचे दाखवणे हा संगीताचा आणि स्वतःचाही अपमान आहे.

सहावी पायरी : वही

ऐकून झाल्यावर चार ओळी लिहाव्यात, आणि त्यांत ‘छान’, ‘सुंदर’ असे शब्द टाळावेत. ध्वनी खरखरीत होता की गुळगुळीत, दाट की विरळ, ओला की कोरडा, जवळचा की दूरचा, हे लिहावे. कापडासाठी आपल्याकडे जेवढे शब्द आहेत, तेवढे सारे येथे चालतात. दोन महिन्यांनी तोच अल्बम पुन्हा ऐकून नव्या ओळी जुन्यांशेजारी लिहाव्यात.

सातवी पायरी : प्रत्यक्ष आणि स्वतः

ध्वनिमुद्रणाने पूर्ण समाधान होत नाही. मुंबईत १९७८ पासून जॅझ यात्रा या महोत्सवाने जगभरचे वादक आणले होते, आणि आजही तेथील एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचता येते. आगाऊ तिकीट काढून वर्षातून एकदा तरी जावे आणि शक्यतो ड्रमवादकाचे हात दिसतील अशी जागा निवडावी.

मात्र सर्वांत जास्त शिकवते ते स्वतः करून पाहणे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. शहराच्या पूर्व भागातील एखाद्या ओळखीच्या यंत्रमाग-कारखानदाराची परवानगी घेऊन, चालू मागापासून तीन-चार हात अंतरावर फोन धरून दोन मिनिटांचे मुद्रण करावे. अगदी जवळ धरल्यास आवाज फाटतो. धोट्याचा साधा यंत्रमाग मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा फेकतो, म्हणजे नृत्यसंगीताला शोभेल अशी लय आयतीच मिळते. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेऊन त्या मुद्रणातील बरोबर आठ ठोक्यांचा तुकडा कापावा. कापताना ध्वनिलहर जेथे मधल्या रेषेला छेदते तेथेच कात्री लावावी, नाहीतर प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा खोटा आवाज येतो. हा तुकडा पाच मिनिटे फिरत ठेवावा, त्याची एक प्रत निम्म्या वेगाने खाली लावावी, म्हणजे खर्ज तयार होतो, आणि हेडफोनवर ते ऐकत हार्मोनियम, बासरी किंवा नुसता गळा यांनी त्यावर वाजवावे अथवा गावे. पहिल्या दिवशी आपण लयीवर अवाजवी स्वर भरतो. मागच्या महिन्यात बैठकीतील एका विद्यार्थिनीने चौथ्या प्रयत्नात पाच मिनिटांत बासरीचे केवळ नऊ स्वर वाजवले, आणि खोलीत बसलेल्या आम्हा सर्वांना त्यांतील प्रत्येक स्वर आठवत होता.